साखर वाढलेली, गाल एकाच बाजूने दुखतोय

वरची दाढ ठणकते म्हणून माणूस आधी दातांच्या दवाखान्यात जातो. दाढ हलत असते, म्हणून ती काढली जाते. चार दिवसांनी त्याच बाजूच्या डोळ्याखाली सूज येते, मग डोळ्यांचे डॉक्टर. तिथून ड्रॉप घेऊन घरी. नाक चोंदलेलं, डोकं जड, म्हणून मेडिकलमधून सर्दीच्या गोळ्या. आठवडा उलटल्यावर कोणीतरी रक्तातली साखर तपासतं आणि ती साडेतीनशेच्या वर निघते. संकेश्वर काय, निपाणी काय, गडहिंग्लज काय, नाकाच्या पोकळीतल्या बुरशीचा रुग्ण नाक-कान-घसा तज्ज्ञापर्यंत पोचतो तो अनेकदा असा, तीन दारं फिरून. कोणाला बोल लावावा असं त्यात फारसं नसतं; प्रत्येकाने आपल्या पुढ्यातला अवयव पाहिलेला असतो. पण या दुखण्यात खरे मोलाचे दिवस तेच असतात आणि ते दारं फिरण्यात जातात.

ज्या घरात शुगरचा माणूस आहे त्या घरासाठी हा लेख आहे. म्हणजे आपल्या कर्नाटक-महाराष्ट्र सीमाभागातल्या बहुतेक घरांसाठी, असं म्हटलं तरी चालेल. दोन काळ सांभाळायचे असतात. पहिला काळ चार-आठ दिवसांचा, दुखणं ओळखण्याचा. दुसरा ऑपरेशननंतरच्या महिन्यांचा, जेव्हा नाक स्वच्छ दिसतं, माणूस घरी हिंडू-फिरू लागतो आणि बुरशी मात्र कवटीच्या तळाच्या हाडात शिल्लक असू शकते. पहिल्याबद्दल २०२१ मध्ये पुष्कळ लिहून आलं. दुसऱ्याबद्दल फार कमी.

त्या उन्हाळ्यात ‘काळी बुरशी’ हा शब्द घराघरांत पोचला. वैद्यकीय नाव म्युकरमायकोसिस. मुंबईच्या शीव रुग्णालयाच्या नाक-कान-घसा विभागाच्या प्रमुख डॉ. रेणुका ब्रादू यांनी मे २०२१ मध्ये सांगितलेला हिशोब असा होता : एरवी वर्षाला सहाएक रुग्ण यायचे, ते दोन महिन्यांत २४ आले, त्यांपैकी ११ जणांचा डोळा गेला आणि सहा दगावले. २० मे २०२१ रोजी केंद्र सरकारने राज्यांना हा आजार नोंदणी-बंधनकारक करायला सांगितलं. जुलैच्या मध्यापर्यंत देशातली नोंद ४५ हजारांवर गेली होती. कर्नाटकात ज्या ठरावीक सरकारी केंद्रांत उपचार सुरू झाले त्यांत हुबळीचं किम्स होतं. या बुरशीवरच्या अँफोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी लोक बेळगाव, कोल्हापूर, पुणे पालथं घालत होते. १२ जूनला जीएसटी परिषदेने त्या औषधावरचा कर शून्यावर आणला, पण तोवर टंचाईने अनेकांचे हाल व्हायचे ते झाले होते.

ही साथ नेमकी कुणाला गाठते तेही तेव्हा स्पष्ट झालं. देशभरच्या नेत्रतज्ज्ञांनी मिळून २८२६ रुग्णांची माहिती जमवली. त्यांतले ७८ टक्के मधुमेही होते आणि ८७ टक्के लोकांना स्टेरॉईड दिलेलं होतं. फ्रिजमधल्या कांद्यावरची काळी पूड, ऑक्सिजनचं पाणी, जुना मास्क अशा नाना गोष्टी त्या वेळी मोबाईलवरून फिरल्या. कांद्यावरची काजळी ही वेगळीच बुरशी आहे, तिचा या आजाराशी संबंध नाही. कांदे फेकून देणाऱ्या घरांत ग्लुकोमीटर मात्र सेल संपून कपाटात पडलेला, हे चित्र तेव्हा सगळीकडे होतं.

कोविड ओसरला म्हणून हा आजार गेला असं नव्हे. तो आधीपासूनचा आहे. वैद्यकाच्या इतिहासातल्या त्याच्या सुरुवातीच्या नोंदींपैकी एक १८८५ सालची, पाल्टाऊफ नावाच्या रोगविकृतितज्ज्ञाची. जगाच्या मानाने भारतात त्याचं प्रमाण सुमारे ७० पट असावं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे आणि त्याचं मोठं कारण आटोक्यात नसलेला मधुमेह. कोविड नसतानाही रुग्ण येतच होते, आजही येतात.

या बुरशीचे बीजाणू मातीत, शेणखतात, उकिरड्यावर, कुजणाऱ्या पाल्यात सगळीकडे असतात. हिरण्यकेशीच्या काठाला उसाचं पाचट कुजतं तिथेही असणारच. ते आपण सगळेच रोज श्वासातून आत घेतो आणि आपलं शरीर त्यांचा निकाल लावतं. त्यामुळे शेतात जायचं सोडण्यात अर्थ नाही, आणि रुग्णाजवळ बसायला घाबरण्यातही नाही. हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही. साखर बेसुमार वाढली की संरक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी सुस्तावतात. त्यात रक्तात किटोन वाढून आम्लता आली तर प्रथिनांना बांधलेलं लोह सुटं होतं आणि या बुरशीला तेच हवं असतं. स्टेरॉईड दोन्हीकडून घात करतं : साखर वाढवतं आणि प्रतिकारही दाबतं. किडनी बदललेले, रक्ताच्या कर्करोगावर केमो घेणारे, दीर्घकाळ स्टेरॉईडवर असलेले लोकही याच धोक्यात येतात. हायवेवरच्या अपघातात जखमेत माती गेली तर याच कुळातली बुरशी कातडीतही शिरू शकते, पण तो वेगळा विषय.

आता कवटीच्या तळाविषयी. नाकाभोवती हाडांत हवेच्या पोकळ्या असतात : गालाच्या मागे, दोन डोळ्यांच्या मध्ये, कपाळात आणि सगळ्यात मागे, डोक्याच्या जवळजवळ मधोमध, स्फेनॉइड नावाची. दुमजली घरात खालच्या मजल्याचं छत तीच वरच्या मजल्याची जमीन असते. नाकाचं छत आणि मेंदूची जमीन यांचं नातं तसंच आहे. मधलं हाड काही ठिकाणी कागदासारखं पातळ आहे. त्याला भोकं आहेत आणि त्यांतून डोळा हलवणाऱ्या, चेहऱ्याला संवेदना देणाऱ्या, गिळायला आणि बोलायला लावणाऱ्या नसा जातात. स्फेनॉइडच्या दोन्ही बाजूंना मेंदूकडे जाणारी कॅरोटिड धमनी असते. म्युकर ही बुरशी रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरते, आत रक्त गोठतं, पुढच्या भागाचा पुरवठा तुटतो आणि तो भाग मरतो. मेलेल्या भागात रक्त नाही म्हणजे औषधही पोचत नाही. म्हणून या आजारात नुसती गोळ्या-इंजेक्शनं पुरत नाहीत, मेलेला भाग कापून काढावाच लागतो. आणि म्हणूनच काळा रंग दिसेपर्यंत वाट पाहायची नसते. काळं दिसतं ते मेलेलं मांस. त्याच्या आधी तो भाग फिकट, राखाडी, निस्तेज दिसतो.

लक्षणांत एक धागा धरून ठेवा : एकच बाजू. साधी सर्दी दोन्ही नाकपुड्यांना होते. मिरची कांडताना ठसका लागला तरी पाणी दोन्ही डोळ्यांतून येतं. शुगर असलेल्या माणसाचा एकच गाल दुखतोय, किंवा बधिर झालाय, मुंग्या येताहेत. एकच नाकपुडी बंद होऊन तिच्यातून रक्ताळ किंवा काळपट स्राव येतोय. वरच्या जबड्याचे एका बाजूचे दात अचानक हलू लागलेत. काढलेल्या दाताची जखम भरत नाही. एका डोळ्याभोवती सूज, पापणी खाली आलेली, दोन-दोन दिसणं, नजर धूसर. यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी नाक-कान-घसा तज्ज्ञाकडे. उद्या नको, बाजार उरकून नको, रविवार आहे म्हणूनही थांबणं नको. ताप नसेल तरी. या आजारात बऱ्याच जणांना ताप येतच नाही आणि तेवढ्यावर घरचे निर्धास्त राहतात.

घरी पाच मिनिटांत पाहता येतं असं थोडंसं सांगतो. खुर्चीत बसवून मान मागे टेकवायला सांगा, कवळी असेल तर काढा, आणि मोबाईलच्या टॉर्चने टाळू पाहा. पुढच्या बाजूला आडव्या वळ्या आणि मागे गुळगुळीत, सगळीकडे ओलसर गुलाबी रंग हा चांगला टाळू. एका बाजूला पांढरट, करडा, काळा डाग, खड्डा किंवा जखम दिसली तर फोटो काढून ठेवा. मग डोळे मिटायला सांगून कापसाचा बोळा दोन्ही गालांवर, वरच्या ओठावर आळीपाळीने फिरवा आणि दोन्हीकडे सारखं जाणवतं का ते विचारा. एकेक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे वाचायला लावा. शेवटी डोकं न हलवता तुमच्या बोटामागे नजर फिरवायला सांगा; कुठल्या तरी दिशेला एकाची दोन बोटं दिसली की ते लक्षण. एक मात्र पक्कं ध्यानात ठेवा : हे सगळं ठीक आलं आणि दुखणं मात्र आहे, तर तपासणी टाळायची नाही. आजाराची सुरुवात होते नाकाच्या आत, जिथे टॉर्च पोचत नाही.

या दिवसांत काही गोष्टी हटकून नडतात. गालाची सूज पाहून ‘सूज उतरायचं इंजेक्शन’ घेणं ही त्यांतली सगळ्यात वाईट, कारण ते बहुधा स्टेरॉईड असतं. दोन दिवस बरं वाटतं, आत बुरशीला मोकळं रान मिळतं. संधिवाताच्या, दम्याच्या, ‘चोवीस तासांत आराम’वाल्या बिनलेबलच्या पुड्यांतही स्टेरॉईड असू शकतं, अशा पुड्या घरात चालू असतील तर डॉक्टरांना त्या दाखवा, लाजू नका. त्याचबरोबर, डॉक्टरांनी लिहून दिलेलं आणि महिनोन्‌महिने चालू असलेलं स्टेरॉईड घाबरून एका दिवसात बंदही करू नका. शरीर स्वतःचं स्टेरॉईड बनवायचं विसरलेलं असतं, अचानक बंद केलं तर जिवावर बेतू शकतं. कमी करायचं ते डॉक्टरांच्या हातून.

स्टेरॉईडवर असलेल्या शुगरवाल्यांनी साखर कधी मोजायची, हा मुद्दा फार कमी लोकांना माहीत असतो. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनने साखर चढते ती दुपारनंतर. उपाशीपोटी ११० दाखवणारा माणूस संध्याकाळी ३०० वर असू शकतो. म्हणून अशा दिवसांत जेवणानंतर दोन तासांनी आणि संध्याकाळी मोजा, वहीत तारीख-वेळ घालून लिहा. फक्त सकाळचा आकडा पाहून ‘शुगर कंट्रोलमध्ये आहे’ म्हणणाऱ्यांची फसगत होते ती इथेच.

जायचं कुठे? ज्या डॉक्टरांकडे नाकात घालायची दुर्बीण आहे तिथे. संकेश्वरहून गडहिंग्लज अर्ध्या तासाच्या आत आहे, निपाणीही जवळ, बेळगाव तासाभरावर. पहिली दुर्बीण-तपासणी जिथे लवकर होईल तिथे करा. शंका खरी ठरली की मात्र मोठं रुग्णालय गाठा, जिथे नाक-कान-घसा, डोळे, मेंदू शस्त्रक्रिया, फिजिशियन आणि किडनीचे डॉक्टर एका छताखाली आहेत : बेळगावात बिम्सचं जिल्हा रुग्णालय किंवा केएलईचं डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालय, महाराष्ट्राच्या बाजूला कोल्हापूरचं सीपीआर, मिरजेचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय. एकेका तज्ज्ञाचं एकेक हॉस्पिटल फिरण्यात पुन्हा तेच दिवस जातात.

तिथे नाकातून तुकडा काढतात. हा तुकडा दोन बाटल्यांत जायला हवा. एक फॉर्मेलिनमध्ये, पॅथॉलॉजीसाठी. दुसरा साध्या निर्जंतुक सलाईनमध्ये, बुरशी वाढवून पाहण्यासाठी. सगळाच फॉर्मेलिनमध्ये गेला तर बुरशी मरते आणि तिची जात कळायची वाट बंद होते. घाईगर्दीत हे राहून जाऊ शकतं, म्हणून नातेवाइकाने ‘कल्चरलाही पाठवलंय ना?’ एवढं विचारायला काही हरकत नाही. त्याच तुकड्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की काही तासांत प्राथमिक उत्तर मिळतं : म्युकरचे धागे रुंद, फितीसारखे, आत पडदे जवळजवळ नसलेले आणि काटकोनात फुटणारे, ॲस्परजिलस या दुसऱ्या बुरशीचे बारीक, पडद्यांचे, तिरपे फुटणारे. ॲस्परजिलसवर चालणारं व्होरिकोनॅझोल म्युकरवर चालत नाही. नुसत्या ‘फंगस आहे’ एवढ्या शब्दावर महिनोन्‌महिन्यांचं औषध ठरवता येत नाही ते यामुळे. सीटी हाड किती खाल्लंय ते सांगतो; डोळा, मेंदू आणि कवटीचा तळ यांसाठी कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय लागतो. कॉन्ट्रास्टच्या आधी क्रिएटिनिन पाहतात, तेव्हा किडनीचे जुने रिपोर्ट बरोबर असू द्या.

इथे धीराचंही सांगायला हवं. सायनसमध्ये बुरशी म्हटलं की लगेच डोळा गेला असं नसतं. ॲलर्जीने साठणारी बुरशी आणि एकाच पोकळीतला बुरशीचा गोळा हे प्रकार हाडामांसात घुसत नाहीत. दुर्बिणीच्या ऑपरेशनने ते बहुधा निभावतात. घुसणाऱ्यांतही सगळे म्युकरसारखे वेगाने पसरत नाहीत. ॲस्परजिलस फ्लेव्हसचा एक प्रकार आपल्या देशात, पाकिस्तानात, सुदानात दिसतो, तो धडधाकट माणसांनाही होतो, महिनोन्‌महिने हळू वाढतो, डोळा पुढे ढकलतो आणि पुष्कळदा गाठ म्हणून तपासला जातो. कुठला प्रकार, हे तुकडा सांगतो. म्हणून तुकड्याला घाबरू नका. ‘हात लावला की पसरतं’ हे खरं नाही.

उपचाराचे तीन पाय एकाच वेळी टाकायचे असतात : साखर आणि आम्लता ताब्यात आणणं, मेलेला भाग काढणं, बुरशीविरोधी औषध. शंका दाट असेल तर डॉक्टर कल्चरच्या रिपोर्टसाठी थांबत नाहीत, औषध सुरू करतात. पहिलं औषध लायपोसोमल अँफोटेरिसिन बी. व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीत सापडलेल्या जिवाणूपासून मिळालेलं हे औषध. मातीतल्या बुरशीवर मातीतलाच उतारा म्हणायचा. डोस किलोमागे रोज ५ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या सहा बाटल्या एका दिवसाला, आणि असे काही आठवडे. मेंदूपर्यंत गेलं असेल तर त्याहून जास्त. खर्चाचा अंदाज करताना बाटलीचा भाव विचारून भागत नाही, सहाने आणि मग दिवसांनी गुणा.

पिवळसर पूड, ती विरघळवून ग्लुकोजच्या सलाईनमधून हळूहळू देतात. लायपोसोमल औषध मिठाच्या सलाईनमध्ये मिसळत नाहीत, ते फुटतं. साखर असलेल्याला ग्लुकोज कसं, असं विचारून पुष्कळ नातेवाईक सिस्टरशी वाद घालतात. त्याची भरपाई इन्सुलिनने केली जाते. ड्रिप चालू असताना थंडी वाजून हुडहुडी भरू शकते, ताप येतो. सिस्टरला सांगा, वेग कमी करतात, आधी औषध देतात. खरी काळजी किडनीची. क्रिएटिनिन, पोटॅशियम, मॅग्नेशियम वरचेवर पाहावं लागतं. पायात गोळे, छातीत धडधड, लघवी कमी होणं हे राउंडची वाट न पाहता सांगायचं. जुनं, साधं अँफोटेरिसिन स्वस्त आहे, पण किडनीवर जास्त भारी. ते द्यायची वेळ आली तर हे निरीक्षण दुप्पट कडक.

डोळा काढायचा की ठेवायचा हा या आजारातला सगळ्यात जड निर्णय. आजार डोळ्याच्या मागे गेला आणि नजर अजून शाबूत असेल, तर काही रुग्णांत डोळ्यामागे अँफोटेरिसिनचं इंजेक्शन देऊन तो वाचवायचा प्रयत्न होतो. नजर गेलेली आणि बुरशी मेंदूकडे निघालेली, तेव्हा डॉक्टर डोळा काढायचं सुचवतात. घरात अशा वेळी दहा जण दहा मतं देतात. नेत्रतज्ज्ञ आणि नाक-कान-घसा तज्ज्ञ दोघांना एकत्र बसून एमआरआयची फिल्म दाखवायला सांगा, एकाच माणसाने सगळ्यांच्या वतीने प्रश्न विचारावेत आणि त्याच बैठकीत ठरवावं.

मग माणूस घरी येतो, आणि इथून दुसरा काळ सुरू होतो. नाक स्वच्छ, साखर बरी, चेहऱ्यावर तुकतुकी. शेजारीपाजारी भेटून जातात. आणि महिना-दोन महिन्यांनी, कधी त्याहून उशिरा, डोकं दुखायला लागतं. हे दुखणं ओळखायला अवघड, कारण ते नाकाचं वाटत नाही. डोळ्याच्या मागे खोल, टाळूच्या वर, कधी कानाजवळ किंवा मानेच्या वरच्या टोकाला. बोथट, न थांबणारं, रात्री वाढणारं. नेहमीच्या गोळीने तासभर दबतं आणि परत येतं. घरचे म्हणतात उन्हाने, चष्म्याने, टेन्शनने. पण ज्या माणसाला घुसणारी बुरशी होऊन गेली आहे त्याचं असं डोकं दुखणं म्हणजे, वेगळं सिद्ध होईपर्यंत, कवटीच्या तळाच्या हाडातला संसर्ग असं धरूनच चालायचं. गालाच्या हाडामागे एक खोल खोबण आहे. नाकातून तिथे सहज नजर जात नाही आणि बुरशी तिथे दबा धरून राहू शकते. तिथून स्फेनॉइडच्या हाडात, पुढे डोक्याच्या मध्यावरच्या क्लायव्हस नावाच्या हाडात.

पुढची लक्षणं नसांची असतात. एका डोळ्याला बाहेरच्या बाजूला वळता येत नाही आणि दूरचं दोन-दोन दिसतं. गाल पुन्हा बधिर. आवाज बसतो, पाणी पिताना ठसका लागतो, जीभ बाहेर काढली की एका बाजूला जाते. कुठल्याही नसेचं असं लक्षण दिसलं की तो तातडीचा एमआरआय आहे, ‘पुढच्या तारखेला दाखवू’ नव्हे. अचानक नाकातून भळाभळा रक्त आलं, एक हातपाय लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं तर तासांचा प्रश्न, कारण कॅरोटिड धमनी जवळ आहे.

या टप्प्यावर एमआरआय वाचणंही सोपं नसतं. ऑपरेशन झालेल्या जागी बरं होत असतानाही महिनोन्‌महिने बदल दिसत राहतात. म्हणून एका रिपोर्टवरून ना घाबरायचं, ना सुटकेचा श्वास सोडायचा. जुन्या सीडीशी तुलना हवी. ईएसआर आणि सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्यांचे आकडे उतरताहेत की चढताहेत ते पाहतात. शंका राहिली तर पुन्हा तुकडा घेतात, या वेळी हाडाचा. हाही तुकडा दोन बाटल्यांत, कारण मधुमेही वयस्कांत कवटीच्या तळाचं हाड सुडोमोनस या जिवाणूनेही सडतं, तेही बहुधा कानाच्या वाटेने येऊन. बुरशी आणि जिवाणू, दोघांची औषधं पूर्ण वेगळी. मेलेलं हाड ड्रिलने काढावं लागू शकतं. ते दुर्बिणीतून नाकामार्गे करणारे सर्जन आणि मेंदू शस्त्रक्रियातज्ज्ञ दोन्ही असलेल्या जागी करून घ्या.

घरी घ्यायचं औषध बहुतेकदा पोसाकोनॅझोल, काहींना इसाव्हुकोनॅझोल. महिने लागतात, तीन-सहा किंवा जास्त. पोसाकोनॅझोलची गोळी अख्खी गिळायची, चुरायची नाही, आणि जेवणाबरोबर घ्यायची. पातळ औषध मिळालं असेल तर ते पोटभर, स्निग्ध जेवणाबरोबरच अंगी लागतं, आणि पित्ताच्या गोळ्यांनी त्याचा प्रभाव कमी होतो. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या, हृदयाच्या ठोक्यांची काही औषधं, किडनी बदललेल्यांचं टॅक्रोलिमस यांच्याशी त्याचं पटत नाही. म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओता. नावं आठवून सांगण्यापेक्षा ते बरं. आणि बरं वाटतंय म्हणून किंवा पैसे संपले म्हणून ही गोळी मध्येच बंद करणं हा कवटीच्या तळाच्या संसर्गाला दार उघडून देण्याचा हमखास मार्ग. पैसे संपत आले असतील तर तसं डॉक्टरांना स्पष्ट सांगा. सरकारी रुग्णालयातून औषध मिळवायची वाट ते दाखवू शकतात.

पैशाचा विषय निघालाच आहे. कर्नाटकात ‘आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक’ योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. एपीएल कुटुंबाला पॅकेजच्या ३० टक्के, तेही दीड लाखाच्या मर्यादेत. खासगी रुग्णालयात योजनेतून जायचं तर सरकारी रुग्णालयाची रेफरल चिठ्ठी लागते, आणीबाणी सोडून. तेव्हा गाडी ठरवण्याआधी सरकारी दवाखान्यातून चिठ्ठी करून घेतलीत तर पुढचा त्रास वाचतो. पलीकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. महाराष्ट्र सरकारने ती सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचा निर्णय २०२३ मध्ये घेतला आणि त्यावरून दोन राज्यांत शाब्दिक चकमकीही झाल्या. रुग्णाला त्या वादाशी देणंघेणं नसतं. त्याने रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला तीन प्रश्न विचारावेत : माझं गाव यादीत आहे का, हे रुग्णालय जोडलेलं आहे का, आणि माझ्याकडच्या रेशनकार्डावर काम होईल का. उत्तर मिळाल्यावर दाखल व्हा. दाखल झाल्यावर विचारलं तर उशीर होतो.

सीमाभागातला माणूस एक उपचार बेळगावला, दुसरा कोल्हापूरला असा फिरतो. दोन्हीकडे कागद जुळत नाहीत आणि तपासण्या पुन्हा होतात. यावर उपाय एकच, एक जाड फाईल. तिच्यात डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद, तुकड्याचे रिपोर्ट, औषधाचे एकूण किती मिलिग्रॅम झाले त्याचा हिशोब, क्रिएटिनिनचे आकडे तारीखवार, आणि एमआरआय-सीटीच्या सीडी. नुसत्या फिल्म नव्हेत. पॅथॉलॉजीत तुमच्या तुकड्याचा मेणातला ब्लॉक जपून ठेवलेला असतो. दुसऱ्या गावी मत घ्यायचं असेल तर लेखी अर्ज करून तो ब्लॉक आणि काचा मागून घेता येतात. हे बहुतेकांना ठाऊक नसतं, आणि नव्याने भूल देऊन पुन्हा तुकडा घ्यायची वेळ टळू शकते.

ज्यांचा टाळू किंवा वरचा जबडा काढावा लागला त्यांचं पहिलं दुःख चेहऱ्याचं नसतं. पाणी प्यायलं की नाकातून येतं, आणि बोललेलं घरच्यांनाही कळत नाही. यासाठी ऑब्ट्युरेटर नावाची कवळीसारखी प्लेट बनवतात, ती टाळूचं भोक झाकते आणि तिच्यावर दातही बसवतात. हे काम कवळीतज्ज्ञ दंतवैद्याचं, म्हणून ऑपरेशनच्या आधीच त्यांची भेट व्हावी. माप आधी घेतलं तर तात्पुरती प्लेट ऑपरेशनच्या टेबलावरच बसवता येते. बेळगावच्या केएलई विश्वनाथ कत्ती दंत महाविद्यालयासारख्या ठिकाणी हा विभाग असतो. जखम आक्रसत जाते तशी प्लेट सैल होते, दुखते, पुन्हा नवी करावी लागते. पहिल्या वर्षात हे एकापेक्षा जास्त वेळा होईल असं धरूनच चाला. प्लेट रोज काढून मऊ ब्रशने धुवायची, रात्री डॉक्टर सांगतील तसं ठेवायचं. आणि ती काढलेली असतानाच, आठवड्यातून एकदा, घरातल्या कोणीतरी पुन्हा टॉर्च धरून आत बघायचं : ओलसर गुलाबी आहे ना, कुठे करडं, कुठे खपली, कुठे उघडं हाड. तसं काही दिसलं तर फोटो काढून त्याच दिवशी डॉक्टरांना पाठवायचा.